शोकेसला की श्वासाला?

खोक्याची टेप फाडली आणि सगळ्यात आधी बाहेर आला तो वास. जुन्या रबराचा, गंधकाचा, थोडा बुरशीचा. काळी पन्हळी नळी उचलली, तर दुमडल्या जागी माझं बोट आरपार गेलं. विकणाऱ्याने "चालू स्थितीत" असं लिहिलं होतं. कोणत्या साली चालू, ते लिहायचं राहिलं असावं.

आत होता डायव्हिंगचा जुना रेग्युलेटर, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा श्वासाला येईल अशा दाबाने देणारं यंत्र. यू.एस. डायव्हर्स कंपनीचा डीए ॲक्वा-मास्टर. दोन नळ्यांचा. हल्लीच्या रेग्युलेटरचा श्वासाचा भाग तोंडाशी असतो, याचा मात्र क्रोम चढवलेला गोल पितळी डबा पाठीवर, टाकीच्या तोंडाशी बसतो. तिथून एक नळी उजव्या खांद्यावरून हवा आणते आणि दुसरी डाव्या खांद्यावरून उच्छ्वास परत नेते. तोवर माझ्या जुन्या डायव्हिंग सामानाच्या संग्रहात अंडाकृती काचेचे मास्क, पायातले जाड रबरी फिन आणि दोन-तीन खोलीमापकं एवढंच होतं. मास्कवर पांढरी भुकटी फुलली की कोमट साबणपाण्याने पुसायचं, ऊन लागू द्यायचं नाही, विजेची मोटार चालते त्या खोलीत ठेवायचं नाही (मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन होतो आणि तो रबराला चिरा पाडतो), की माझं काम संपायचं. श्वास घ्यायची वस्तू पहिल्यांदाच घरात आली होती.

ज्यांच्याकडे डायव्हिंग शिकलो त्या सरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला.

"शोकेसला की श्वासाला?"

"दोन्हीला, सर."

"दोन्ही नाही जमत रे. आधी ठरव, मग पाना उचल."

मी न ठरवताच उचलला.

डब्याची दोन झाकणं कडेने क्लिपांनी जखडलेली असतात. त्या निघाल्या तेव्हा आत मिठाचे खडे, सगळ्या पितळेवर हिरवा कळक, आणि मधोमध मुख्य डायफ्रॅम, म्हणजे श्वासासरशी हलून हवेची झडप उघडणारा रबरी पडदा. तो इतका ताठ झाला होता की उचलताना कड तुटून हातात आली. प्रत्येक पायरीचा फोटो काढत, सुटे भाग खणांच्या डब्यात ओळीने मांडत गेलो. इथवर शहाण्यासारखं वागलो.

मग व्हिनेगर. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मेनिम्मे, त्यात दहा-पंधरा मिनिटं भाग बुडवायचे, मऊ ब्रशने घासायचे, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून स्वच्छ पाण्याने धुवायचे. कळक आणि मीठ दोन्ही सुटतात. रीत चांगली आहे, घड्याळ पाळलं तर. मी सगळे भाग एकदम टाकले, फोन आला, बोलत बसलो. परत आलो तोवर पाऊण तास झाला होता. जिथलं क्रोम झिजून पितळ उघडं पडलं होतं तिथे गुलाबी छटा आली होती. आम्ल पितळेतलं जस्त खातं आणि तांबं मागे उरतं, त्याचा तो रंग. वरवरचा होता, घासून बराचसा गेला. पण त्याच भांड्यात मी बाहेरचं झाकणही लेबलासकट टाकलं होतं. लेबलाचा रंग निघून आला. अक्षरं कुठे होती ते तिरप्या उजेडात धरलं तर कळायचं, एवढंच.

सरांना सांगितलं. ते हसले नाहीत, त्याचं जास्त लागलं. "रबर कितीही बदल," म्हणाले, "ते बदलण्यासाठीच असतं. वरच्या कातड्याला हात लावायचा नाही." मग जरा थांबून, "चला, ठरलं तर. श्वासाला."

आता याचे भाग नीट समजून घेणं आलं. मला सगळ्यात जास्त चक्रावलं ते उच्छ्वासाच्या झडपेने. बदकाच्या चोचीसारखी चपटी रबरी झडप, नाव त्यावरूनच डकबिल. ती डब्याच्या आत, मुख्य डायफ्रॅमच्या अगदी शेजारी. उच्छ्वास बाहेर सोडायला तोंडापासून पाठीपर्यंत एवढी मोठी नळी कशाला फिरवायची? तोंडापाशीच भोक ठेवलं असतं तर?

हाच प्रश्न फ्रेंच नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो आणि त्याचा जोडीदार एमिल गान्यां यांना १९४३ मध्ये भोवला होता. गान्यां एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवत, त्यासाठी मागेल तेवढाच गॅस देणारी झडप त्याने केली होती. तीच कल्पना पाणबुड्याच्या श्वासासाठी वापरली. पॅरिसजवळ मार्न नदीत चाचणी झाली तेव्हा आडवं पोहताना यंत्र ठीक चाले, उभं राहिलं की हवा भसाभसा सुटे आणि डोकं खाली केलं की श्वास ओढता येईना. कारण उच्छ्वासाचं भोक डायफ्रॅमपासून लांब होतं. दहा मीटर पाण्याला एक बार दाब, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या फरकाला ०.०३ बार. ऐकायला किरकोळ, पण फुप्फुसाला आणि डायफ्रॅमला तेवढा पुरतो. दोन्ही एकाच पातळीवर आणले आणि यंत्र चाललं. दुसरी नळी त्यासाठी आहे. हे कळल्यावर ती चोच बसवताना माझा हात जरा जपूनच चालला.

रबराचे सगळे भाग नवे घातले. डायफ्रॅम आणि डकबिल आता सिलिकॉनचे बनतात, मूळच्यापेक्षा मऊ आणि टिकाऊ. नळ्या नव्या, ओ-रिंग (सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी कड्या) नव्या, त्यांना सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात. ग्रीस चमकलं पाहिजे, दिसलं नाही पाहिजे. हा रेग्युलेटर फक्त साध्या हवेसाठी. जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाला सफाई वेगळी, ग्रीस वेगळं, त्या वाटेला मी गेलो नाही.

खरा घाम काढला पहिल्या टप्प्याने. टाकीतला दोन हजारांवरचा दाब तो सुमारे ११० पीएसआयवर (दर चौरस इंचावर इतके पौंड) आणतो, मग दुसरा टप्पा आसपासच्या पाण्याच्या दाबावर. मधला दाब मोजायला हल्लीच्या रेग्युलेटरवर जागा असते. याला ती नाही. दुसऱ्या टप्प्याचा भाग काढून तिथे गेज बसवावा लागतो. बसवला, टाकी हळूच उघडली. काटा ११० वर येऊन थांबला. मी खूश. मिनिटभराने ११५. मग १२०. काटा सरकताना दिसत नव्हता, पण नजर वळवून परत पाहिलं की पुढे गेलेला असायचा. १४० ला मी टाकी बंद केली.

दाब असा चढत राहिला तर पहिली झडप पुरती मिटत नाही असा अर्थ. सीट, म्हणजे झडप मिटताना भोकावर टेकणारी चकती, बदलली. पुन्हा तेच. दुसरी नवी सीट घातली, तेच. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी नॉझल काढून भिंगाखाली धरलं. सीट ज्यावर टेकते ती कड ज्वालामुखीच्या तोंडासारखी असते, मध्ये भोक आणि भोवती बारीक उंचवटा. त्या उंचवट्यावर केसाएवढी खाच होती. आधीच्या मालकाची म्हणायला बरं वाटलं असतं, पण खाच ताजी होती, आतलं पितळ पिवळंधमक दिसत होतं. ओ-रिंग काढताना मी पोलादी टोचा वापरला होता. या कामाला पितळी किंवा प्लॅस्टिकचाच टोचा वापरायचा, हे मी दुसऱ्यांना सांगत असे.

नॉझल सुटं होतं म्हणून वाचलो. सपाट काचेवर अगदी बारीक पॉलिश पेपर ठेवून, नॉझल ताठ उभं धरून, इंग्रजी आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवत राहिलो. दहा फेरे, भिंग, पुन्हा दहा फेरे. मग नवी सीट. काटा ११० वर आला. मी जेवून आलो. ११०.

त्यापुढचं त्या मानाने सोपं होतं. घोड्याच्या नालासारखी तरफ थोडी वर, थोडी खाली करत लावली, डबा बंद केला आणि बादलीत हळूहळू बुडवून हवा किती पाण्यात सुटायला लागते ते पाहिलं. पहिल्यांदा वरचेवर सुटली, दुसऱ्यांदा फार खोल जावं लागलं, चौथ्या-पाचव्यांदा बोटभर पाण्यात हलकेच फुसफुसली. तिथे थांबलो.

टाकी सरांची. जुनी पोलादी ७२. नाव ७२ घनफूट, प्रत्यक्षात ७१.२, आणि तेही शिक्क्यावरच्या २२५० पीएसआयच्या दहा टक्के वर भरली तर. तिची पाण्याखालची दाबचाचणी नुकतीच झाली होती. चाचणीत कामाच्या दाबाच्या पाच-तृतीयांश, म्हणजे ३७५० पीएसआयपर्यंत नेतात आणि टाकी किती फुगून किती मूळपदावर आली ते मोजतात. वर जे-व्हॉल्व्ह. टाकी सुमारे ३०० पीएसआयवर आली की आतली स्प्रिंग वाट बंद करू लागते, श्वास जड होतो, मग कमरेजवळची कांडी खाली ओढायची की राखीव हवा मिळते. गेज नसतानाच्या काळातली व्यवस्था. कांडी कुठेतरी अडकून आधीच खाली आली असेल, तर शेवटच्या श्वासापर्यंत कळतही नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी सरांनी माझी कांडी तीनदा चाचपली.

याच सुमारास जुन्या खोलीमापकाची काच उघडून तबकडी पुसायचाही बेत होता. सरांनी नुसत्या फोटोवरून हटकलं. तबकडीवरचा तपकिरी पडलेला रंग रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे संपला असं नाही, चमकणारा पदार्थ थकतो. रेडियम तसंच राहतं, अर्धं व्हायला सुमारे १६०० वर्षं. त्याची धूळ नाकात जाणं वाईट. मापक बंदच राहिलं.

तलावात उतरलो तेव्हा सर शेजारी, त्यांच्याकडे आधुनिक रेग्युलेटर आणि जोडीला दुसरा, कारण माझ्याकडे फाजील काहीच नव्हतं. पृष्ठभागावर माउथपीस हातात धरून उंच केलं आणि ते फुत्कारत हवा ओकायला लागलं. दचकलो. माउथपीस डब्याच्या वर गेलं की असंच होणार हे कागदावर माहीत होतं. पालथं पोहताना श्वास थोडा ओढावा लागत होता, कारण डबा फुप्फुसांच्या वर. उताणा झालो तर हवा तोंडात कोंबल्यासारखी यायला लागली. डबा आणखी खाली बसायला हवा होता, टाकीचा पट्टा सरकवून घेतला. नळीत पाणी शिरलं की डाव्या कुशीवर वळून फुंकायचं, हेही दोन घोट पिऊनच जमलं.

मग स्थिर झालो आणि लक्षात आलं की तोंडापुढे बुडबुडे नाहीत. ते मानेमागून निघून वर जात होते, आवाज मागे कुठेतरी. समोर नुसतं पाणी.

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "कसा आहे?"

"पालथा जड, उताणा हलका."

"मार्न नदीतलं आडवं पोहणं तेवढं तुझ्या वाट्याला यायचं राहिलं," ते म्हणाले आणि टाकी उतरवायला लागले.

रेग्युलेटर गोड्या पाण्याने धुतला, धूळटोपी घट्ट लावूनच, नाहीतर पाणी थेट पहिल्या टप्प्यात. नळ्या खाली लोंबत्या सोडून खुंटीला टांगला, दुमडून ठेवल्या तर पुन्हा तिथेच चिरतील. लेबलाची छापील नक्कल मिळते, मी मागवलीही होती. ती पाकिटात आहे. झाकण कोरंच ठेवलंय.