पिठाचा हिशेब आणि एक गोळी

युरोप टूरची मॅनेजर म्हणून माझा निम्मा जीव घड्याळात असतो. ड्रायव्हरने साडेचार तास बस चालवली की ४५ मिनिटं थांबायचं, हा कायदा. आणि दुपारी दोनला फ्रेंच स्वयंपाकघर बंद झालं की पाया पडलात तरी ताट मिळत नाही.

त्या खेपेला यादीत एका काकांपुढे आहाराच्या रकान्यात पेनाने 'लो-कार्ब' लिहिलेलं, म्हणजे पीठ, भात, बटाटा, साखर कमी. आमच्या ऑफिसला शाकाहारी, मांसाहारी आणि जैन यापलीकडे माणूस माहीत नाही. मला मात्र चेव आला. फ्रान्सच्या लियाँ शहरात 'बुशाँ' म्हणजे तिथल्या जुन्या पद्धतीच्या खानावळीत आदल्या दिवशीच फोन केला. कनेल, म्हणजे तिथले लांबट उकडलेले गोळे, माशाची म्हणून लोक निर्धास्त मागवतात, पण ती पीठ किंवा रवा घालूनच वळतात, ती रद्द. भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या ग्रातँऐवजी लोण्यात परतलेली फरसबी. सालाद लियोनेज ब्रेडच्या तुकड्यांशिवाय. काकांनी काटा टोचला, पाण्यात फोडून शिजवलेल्या अंड्याचा बलक त्या कडसर पानांवर नि खरपूस पोर्कवर ओघळला आणि ते म्हणाले, "बाई, जिंकलंस!" शेवटी लसूण-कांदापात घातलेलं ताजं चीज आलं, सेर्वेल द कानू, म्हणजे 'विणकराचा मेंदू'. लियाँच्या रेशीम विणकरांवरून पडलेलं नाव. उरलेल्या चीजथाळीतला एक तुकडा मी टिश्यूत बांधून घेतला, त्यांना मध्येच भूक लागली तर.

जेवणानंतर फुर्विएरची टेकडी. सगळे फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने वर ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने गेले. काकांना पावलं मोजायची होती, म्हणून काकू आणि मी त्यांच्याबरोबर पायऱ्यांनी. अर्ध्यावर ते काकूंवर खेकसले. मला वाटलं, दमलेत. मी टिश्यू सोडून चीज पुढे केलं. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, हे असे कधी बोलत नाहीत." शर्ट घामाने चिंब, बोटं थरथरत होती. काकूंच्या पर्समधल्या रक्तातली साखर मोजायच्या मशीनने ५८ दाखवलं, म्हणजे साखर फारच खाली.

तिथं चीजचा काय उपयोग? माझ्या खिशात सकाळच्या कॉफीबरोबर आलेल्या साखरेच्या चार पुड्या होत्या. चारही पाण्यात ढवळून पाजल्या. पंधरा मिनिटांनी ८४.

पुण्यात तेव्हा संध्याकाळचे सात, डॉक्टर दवाखान्यातच होते. काका ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेत होते. जेवणात पोळी-भात असो-नसो, ती गोळी शरीराला साखर उतरवणारं इन्शुलिन सोडायला लावतेच. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून काकांनी महिन्यापूर्वी पोळी सोडली. डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. डॉक्टर फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोस कमी झाला.

कनेलमधलं पीठ मला ठाऊक होतं. गोळ्यांचं मी विचारलं नाही. तसा रकानाच नाही, हे कारण मी स्वतःला बरेचदा दिलंय.

रात्री काकांनी टोपलीतला ब्रेड उचलून हुंगला आणि परत ठेवला. काकूंनी तोच तुकडा उचलून त्यांच्या ताटात टाकला.

पुढच्या टूरच्या यादीत दोन प्रवाशांपुढे 'कीटो' आहे, म्हणजे लो-कार्बचाच आणखी कडक प्रकार. दोघांनाही फोन केला. एक बाई वैतागल्या, "तुम्ही टूरवाल्या ना? औषधं कशाला विचारताय?"