‘पूर्वी’ म्हणजे कोणत्या साली?

इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात सकाळच्या फेरीचा आवडता विषय म्हणजे चाकूबाजी. हिंदी पेपरात ‘नाबालिग’ (अल्पवयीन) शब्द दिसला की शेजारचे भाऊसाहेब काठी आपटतात, “ताई, पूर्वी असं नव्हतं हो!” मी आयुष्यभर कॉलेजात सांख्यिकी शिकवली. कुणी ‘पूर्वी’ म्हटलं की साल विचारायची खोड अजून गेलेली नाही.

परवा त्यांना अमेरिकेचं सांगितलं. तिथे हिंसक गुन्ह्यांत अटक झालेल्या अल्पवयीनांची संख्या १९९४ साली शिगेला पोहोचली. १९९५ मध्ये जॉन डियुलिओ या प्राध्यापकाने ‘सुपरप्रेडेटर’, म्हणजे निर्दय, हिंस्र पोरांची लाट येणार म्हणून हाकाटी केली. राज्याराज्यांत कायदे कडक झाले, कोवळी पोरं मोठ्यांच्या कोर्टात उभी राहिली. लाट काही आली नाही. २०२० साली त्या अटका १९९४ च्या मानाने ७८ टक्क्यांनी कमी होत्या. (२०२० कोरोनाचं साल, मान्य. पण उतार कितीतरी आधीपासूनचा.)

“अमेरिका राहू द्या, आपलं सांगा!”

आपलं असं की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०१६ मध्ये अल्पवयीनांनी केल्याचे नोंदलेले गुन्हे ३५,८४९ होते, २०२२ मध्ये ३०,५५५. भाऊसाहेबांचा विश्वासच बसेना. त्यांना तेवढ्यावर खूश होऊ देणंही मला जमत नाही, कारण या बेरजेत मोबाईल चोरणारा आहे नि भोसकणाराही. एकूण आकडा उतरला म्हणून मारामाऱ्या उतरल्या असं होत नाही. २०२२ मध्ये पकडलेल्या दर पाचांतले जवळजवळ चार सोळा ते अठरा वयाचे होते, आणि २०१५ च्या कायद्याने घोर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालू शकतो तो याच वयाच्या मुलांवर.

शिवाय अटका मोजणं म्हणजे गुन्हे मोजणं नव्हे. मोठा माणूस बहुधा एकटा भांडतो, पोरं टोळक्याने. एका हाणामारीत चौघं सापडली की घटना एक, अटका चार. उलट कुणी तक्रारच केली नाही, तर सगळं शून्य. हे मी पहिल्या वर्षाच्या वर्गातसुद्धा फळ्यावर लिहायचे. मुलं जांभया द्यायची.

भाऊसाहेबांनी जांभई दिली नाही. म्हणाले, “ते सगळं ठीक. नातवाला रात्री सराफ्यात, त्या खाऊगल्लीत, पाठवू की नको?”

त्याचं उत्तर कुठल्या तक्त्यात असणार? माझ्या नातवाला मी साडेअकराच्या आत घरी यायला सांगते.