सापडलेली कुऱ्हाड आणि तिची जागा

जमीन नांगरताना, विहीर खणताना किंवा ओढ्याकाठी सहज चालताना कोणाला तरी कुऱ्हाडीचे जुने पाते सापडते, आणि ते हातात घेतल्यावर मनात पहिला प्रश्न येतो तो त्याच्या वयाचा. त्या प्रश्नाचे निदान ढोबळ उत्तर बहुतेक वेळा देता येते. मात्र अशी पाती आणि त्यांची छायाचित्रे पाहण्यात, त्यांच्या जुन्या-नव्या नोंदी वाचण्यात मी जो काळ घालवला आहे, त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. वय वस्तूवरून पुढे केव्हाही काढता येते. ती नेमकी कुठे, किती खोल आणि कशाच्या सोबत पडली होती हे मात्र ती उचलणाऱ्या एकट्या माणसाला ठाऊक असते, आणि त्याने ते सांगितले नाही तर ते कायमचे नाहीसे होते. म्हणून ओळख आणि नोंद या दोन कामांमध्ये मी नोंदीला वरचे स्थान देतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या हॉक्सन या गावाचे आहे. तेथे विटांसाठी माती काढणाऱ्या मजुरांना त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी कपच्या काढून घडवलेले गारगोटीचे दगड इतक्या संख्येने सापडत होते की ते टोपल्या भरभरून शेजारच्या रस्त्यावरील चाकोऱ्या बुजवण्यासाठी टाकत असत. १७९७ मध्ये पुराणवस्तूंचे अभ्यासक जॉन फ्रिअर यांनी ते पाहिले आणि लंडनच्या पुराणवस्तू मंडळाला पत्र लिहिले. धातूचा वापर ठाऊक नसलेल्या लोकांनी ही हत्यारे केली असावीत, एवढेच लिहून ते थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांनी मातीचे थर वरून खाली क्रमाने आणि जाडीसह लिहिले: वर शेतमाती, तिच्याखाली चिकणमाती, मग शिंपल्यांचा आणि मोठ्या हाडांचा वाळूचा थर, आणि त्याहीखाली, सुमारे बारा फुटांवर, हत्यारे असलेला खडीचा थर. त्या काळी या पत्राकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८५९ मध्ये मानवाच्या प्राचीनतेचा वाद पेटला, तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञ जोसेफ प्रेस्टविच आणि पुरातत्त्वज्ञ जॉन इव्हान्स हॉक्सनला गेले आणि फ्रिअर यांच्या नोंदीची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करू शकले. सहा दशके पडून राहिलेल्या त्या पत्रात हत्याराचे नुसते वर्णन असते, तर त्यांना तपासायला काहीच उरले नसते.

हॉक्सनला सापडल्या त्या हातकुऱ्हाडी. त्यांना दांडा नसे. त्या मुठीत धरून वापरल्या जात. केनियातील कोकिसेलेई येथील हातकुऱ्हाडी सुमारे १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि तमिळनाडूतील अतिरमपक्कम येथील सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या. असा दगड हाती आला की तो माणसाने घडवला आहे की पाण्याने आणि उन्हाने फोडला आहे, एवढेच आधी ठरवायचे असते. निसर्गात फुटलेल्या दगडावर एखाददुसरी कपची निघालेली दिसते, पण तिला क्रम नसतो. घडवलेल्या दगडावर कपच्यांच्या खाचा कडेकडून मध्याकडे गेलेल्या असतात, दोन्ही पृष्ठांवर असतात, एका खाचेने आधीची खाच अंशतः कापलेली असते, आणि दोन पृष्ठे मिळतात तेथे नागमोडी पण सलग कड तयार होते. या खाचांवरही बाकीच्या दगडासारखाच जुना रंग चढलेला असला पाहिजे. एखादीच खाच ताजी, वेगळ्या रंगाची असेल तर ती बहुधा नांगराची किंवा कुदळीची असते. शेतातल्या दगडावर गंजाच्या तपकिरी रेघाही दिसतात. त्या लोखंडी फाळ घासल्याने उमटतात आणि दगड पुष्कळ काळ नांगरटीच्या मातीत होता एवढे सांगतात. अशी रेघ हा डाग नसून माहिती आहे, म्हणून तिचीही नोंद व्हावी.

नवाश्मयुगातील घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी ओळखणे त्या मानाने सोपे आहे. रुंद, किंचित बाकदार धार, निमुळता होत गेलेला माथा आणि दोन्ही बाजूंनी सारखी उतरत आलेली पृष्ठे, हा आकार निसर्गात क्वचितच घडतो. ओढ्यातला गोटा गुळगुळीत असतो, पण सर्व बाजूंनी सारखाच. कुऱ्हाडीची धार मात्र उरलेल्या अंगापेक्षा अधिक काळजीने घासलेली असते, आणि प्रकाश तिरपा पडला की घासण्याचे बारीक समांतर ओरखडे दिसतात. घासण्यापूर्वी टोचून आकार दिल्याचे खडबडीत ठसे माथ्याकडे पुष्कळदा शिल्लक राहतात. तेथे दांड्यातील पकड चांगली बसत असल्याने तो भाग मुद्दाम तसाच ठेवला जात असावा, असे मला वाटते.

या कुऱ्हाडींचे खरे महत्त्व त्यांच्या दगडात आहे. दगडाचा अगदी पातळ, मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की खनिजांवरून तो कोणत्या डोंगरातला हे अनेकदा कळते. ब्रिटनमध्ये हे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पद्धतशीरपणे सुरू झाले आणि दगडांचे क्रमांकित गट ठरवले गेले. सहाव्या गटाचा दगड इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रियातील लँगडेलच्या कड्यांवरचा आहे आणि त्याच्या कुऱ्हाडी देशाच्या पूर्व टोकापर्यंत मिळतात. आल्प्समधील माँते व्हिजो पर्वतावर दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर काढलेल्या हिरव्या जेडाइटाच्या कुऱ्हाडी तर थेट ब्रिटनपर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांतील एक सॉमरसेटच्या दलदलीत, ख्रिस्तपूर्व ३८०७-३८०६ च्या सुमारास बांधलेल्या लाकडी पायवाटेशेजारी मिळाली. वाटेच्या लाकडाचे वय झाडाच्या वलयांवरून वर्षापर्यंत काढता आले, आणि म्हणून तिच्याजवळची कुऱ्हाडही काळात नेमकी बसली. तीच कुऱ्हाड जागेच्या नोंदीशिवाय एखाद्या कपाटात आली असती, तर ती सुंदर हिरवा दगड म्हणून उरली असती.

धातूच्या कुऱ्हाडींचा क्रम पुष्कळ ठिकाणी अभ्यासलेला आहे आणि युरोपात तो विशेष स्पष्ट आहे. प्रथम उघड्या साच्यात ओतलेली सपाट पाती येतात. मग दांडा डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पात्याच्या कडा उचललेल्या दिसतात. त्यानंतर दांडा मागे सरकून फाटू नये म्हणून मध्ये आडवी पट्टी येते, आणि शेवटी मागून पोकळ, दांड्याचे टोक आतच बसेल अशी कुऱ्हाड येते, जिला बहुधा बांधण्यासाठी बाजूला एक कडी असते. हा सगळा प्रवास पात्याला दांडा घट्ट कसा बसवायचा या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. म्हणून छायाचित्र पाहताना माझी नजर धारेआधी माथ्याकडे जाते, आणि लोक नेमके माथ्याचेच छायाचित्र पाठवत नाहीत. लोखंडी कुऱ्हाडींबाबत मात्र मी फार सावध असतो. नेढे असलेल्या लोखंडी कुऱ्हाडीचा आकार शतकानुशतके जवळजवळ तसाच राहिला आहे, आणि सापडलेली पाचर किंवा छिन्नीसुद्धा गंजल्यावर पुरातन दिसू लागते.

आकारावरून काळ सांगण्याचे सामर्थ्य किती, आणि त्याची मर्यादा कोणती, हे १९९१ मध्ये आल्प्समध्ये गिर्यारोहक दांपत्याला दिसलेल्या ‘हिममानवा’च्या, म्हणजे बर्फात टिकून राहिलेल्या प्राचीन देहाच्या, बाबतीत एकाच वेळी समोर आले. बर्फात अर्धवट उघडा पडलेला तो देह प्रथम अलीकडच्या काळातल्या अपघातग्रस्ताचा समजला गेला. पुरातत्त्वज्ञ कोनराड श्पिंडलर यांनी त्याच्याजवळची कुऱ्हाड पाहिली आणि तिच्या आकारावरून देह किमान चार हजार वर्षांचा असल्याचे सांगितले. नंतर पाते कांस्याचे नसून जवळजवळ शुद्ध तांब्याचे निघाले, आणि कार्बन-कालमापनाने वय सुमारे ५,३०० वर्षांपर्यंत मागे गेले. पुढील विश्लेषणातून हे तांबे इटलीतील दक्षिण तोस्कानाच्या धातुपाषाणाचे असल्याचेही दिसले. आकाराने योग्य दिशा दाखवली, धातूने आणि कालमापनाने नेमकेपणा आणला. आणि दांडा, चामड्याची बांधणी व देह हे सारे एकत्र राहिल्यामुळेच या तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहता आल्या.

आपल्याकडच्या ताम्रनिधींचा, म्हणजे एकत्र पुरलेल्या तांब्याच्या वस्तूंच्या साठ्यांचा, इतिहास या दृष्टीने मला वारंवार आठवतो. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० मध्ये गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातू दिसला आणि तेथून ४२४ तांब्याच्या वस्तू व चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. गंगा-यमुनेच्या खोऱ्यातही सपाट कुऱ्हाडी, मत्स्यभाले आणि मानवाकृती असेच योगायोगाने मिळत राहिले. त्यांच्यासोबत भांडी किंवा थर नोंदलेले नसल्याने त्या कोणाच्या आणि केव्हाच्या यावर दीर्घकाळ वाद झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी असे निधी मिळालेल्या दोन जागा, राजपूर परसू आणि बिसौली, शोधून तेथे चाचणी-उत्खनन केले आणि त्यांना गेरूच्या रंगाची खापरे मिळाली. पुढे इटावा जिल्ह्यातील सैपई येथे तांब्याच्या वस्तू आणि तीच भांडी एकत्र आढळल्यावर हा संबंध बळकट झाला. त्या गावांची नावे आधी कोणी तरी लिहून ठेवली होती म्हणून लाल यांना तेथे जाता आले. ज्या वस्तूंवर केवळ जिल्ह्याचे नाव आहे, त्यांच्याबाबत असा मागोवा कोणालाही घेता येत नाही.

मग सापडल्यावर करायचे काय? वस्तू शक्य असेल तर जागेवर असतानाच, हलवण्यापूर्वी, तिचे छायाचित्र घ्यावे. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात. दशांशचिन्हानंतरचे चार अंक सुमारे अकरा मीटरपर्यंत नेमके असतात आणि पाच अंक सुमारे एका मीटरपर्यंत. खोली, मातीचा रंग, उतार, जवळचे पाणी आणि आसपास पडलेली खापरे, हाडे किंवा धातूचा मळ यांचा उल्लेख त्याच दिवशी लिहून ठेवावा, कारण आठवण लवकर पुसट होते. एकाहून अधिक धातूच्या वस्तू दिसल्या तर पुढे खणणे तेथेच थांबवावे. पुरून ठेवलेला निधी कोणत्या क्रमाने रचला होता, हे फक्त जागेवरच कळते. नंतर दोन्ही पृष्ठे, दोन्ही कडा, धार आणि माथा यांची मोजपट्टीसह छायाचित्रे, लांबी, धारेची व माथ्याची रुंदी, सर्वाधिक जाडी आणि वजन, एवढे झाले की ओळखीसाठी पुरेशी सामग्री जमते. नोंद सार्वजनिक करताना नेमकी जागा उघड करू नये. ती संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला पूर्ण सांगावी आणि इतरांना केवळ परिसर सांगावा, म्हणजे लुटीला वाट मिळत नाही.

धुणे-पुसणे टाळावे, हे मी आग्रहाने सांगतो. पोकळ कुऱ्हाडीच्या आत कधी कधी दांड्याच्या लाकडाचा तुकडा मातीत अडकून राहिलेला असतो, आणि त्यावरून कार्बन-कालमापन करता येते. ब्रशच्या एका फेऱ्यात तो निघून जातो. धातूवरचा गुळगुळीत हिरवा थर हा मूळ पृष्ठभाग जपणारा असतो, म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर आणि तारेचा ब्रश यांपैकी काहीही त्याला लावू नये. फिकट हिरवी भुकटी पडू लागली तर ती क्षाराने चालू असलेली झीज असते. अशी वस्तू कोरडी ठेवून तज्ज्ञाकडे न्यावी. धातू कोणता हे पाहण्यासाठी कानस लावणे तर पूर्णपणे अनावश्यक आहे, कारण क्ष-किरणांवर चालणारे हातातले यंत्र वस्तूला धक्का न लावता घटक सांगते.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा आहे. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजूनही लागू आहे आणि जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. इंग्लंडमध्ये एकत्र सापडलेल्या दोन किंवा अधिक प्रागैतिहासिक धातुवस्तू कायद्याने निधी ठरतात, तर सुटी कुऱ्हाड सहसा स्वेच्छेने नोंदवली जाते. त्यासाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या योजनेत आज १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे, आणि त्यांतील बहुसंख्य सामान्य माणसांना सापडलेल्या आहेत. शोधणाऱ्याला चोर न मानता साक्षीदार मानण्याची ती दृष्टी मला अतिशय योग्य वाटते.

उरतो प्रश्न आधीच घराघरांत असलेल्या कुऱ्हाडींचा. युरोपापासून आशियापर्यंत अनेक ठिकाणी घासलेल्या दगडी कुऱ्हाडी आकाशातून विजेबरोबर पडलेल्या समजल्या जात आणि घरात जपल्या जात. भारतात त्या झाडाखालच्या देवस्थानांतही ठेवलेल्या आढळल्या आहेत. अशा वस्तूची आजची जागा ही तिची मूळ जागा नसते, पण ती कोणी, कोणत्या श्रद्धेने आणि कुठून आणली हा तिच्या इतिहासाचाच भाग असतो. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ‘आजोबांनी अमुक ओढ्याजवळच्या शेतातून आणली’ एवढे जरी कळले तरी ते त्यांच्याच शब्दांत, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घालून एका चिठ्ठीवर लिहावे, वस्तूवर काहीही न रंगवता ती चिठ्ठी तिच्यासोबत पिशवीत ठेवावी, आणि तिची एक प्रत जवळच्या संग्रहालयाला द्यावी.