धार लावून देण्यापासून धार शिकवण्यापर्यंत : आमची वाटचाल

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकमध्ये टूल ग्राइंडिंगच्या, म्हणजे कारखान्यातल्या हत्यारांना धार लावायच्या, कामाला तोटा नसतो. आमचा धंदा तिथूनच सुरू झाला. वडील सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत ग्राइंडर बसवला आणि ड्रिल, मिलिंग कटर, छापखान्यांची कागद कापायची पाती अशी कामं घ्यायला लागले. घरगुती सुऱ्या आणि खिशातले चाकू ओळखीपाळखीतून यायचे आणि भिडेखातर करून दिले जायचे. आज दुकान बऱ्याच अंशी या सुऱ्या-चाकूंवरच चालतं.

हा बदल द्राक्षवाल्यांनी घडवला. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात बाग लावताना आधी डॉगरिजसारख्या खुंटाची रोपं लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर हव्या त्या वाणाची काडी पाचर कलमाने, म्हणजे काडीचं टोक पाचरेसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवून, बांधतात. पाचरेचा काप एका ओढीत, सपाट आणि गुळगुळीत यावा लागतो. काप चेंगरला की सालीखालचा जिवंत थर खुंटाशी नीट टेकत नाही, काडी सुकते आणि कलम फुकट जातं. एक बागायतदार दादा कलमाचे चार-पाच चाकू घेऊन आले होते. कलमाच्या चाकूला पुष्कळदा एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट. यांचे चाकू कुणीतरी दोन्ही बाजूंनी घासून गोल करून ठेवले होते. वडिलांनी सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून, पात्याची पाठ (धारेच्या विरुद्ध कड) केसभरही न उचलता, ती पुन्हा सपाट करायला घेतली. काम रेंगाळलं, पण दादा स्टुलावरून हलले नाहीत. शेवटी खिशातून कलमाची काडी काढून तिथेच तासून बघितली, काप उन्हात धरला आणि म्हणाले, "हे मला शिकवा. दरवेळी नाशिकला कुठं येऊ?"

तेव्हापासून आम्ही शिकवतो. धंद्याला मारक आहे असं बरेच जण म्हणाले. पण धार हातात आलेला माणूस चांगला दगड मागतो, चांगला चाकू घेतो आणि पातं मोडलं किंवा टोक गेलं की आमच्याकडेच येतो, असा आमचा अनुभव आहे.

नंतर ट्रेकवाली मंडळी आली. साल्हेर, हरिहर, अंजनेरी करणाऱ्यांच्या सॅकमध्ये मिटता चाकू असतोच. त्यांचा नेहमीचा प्रश्न, "किती अंशांची धार लावू?" आम्ही उलट विचारतो, "चाकूनं करता काय?" कारण कोन कामावरून ठरतो. कोन लहान केला की धार पातळ होते आणि सहज शिरते, पण तिच्यामागे लोखंड कमी राहतं, त्यामुळे ती लवकर वळते किंवा तिचे टवके उडतात. कोन मोठा केला की धार टिकते, पण कापायला जोर लागतो. फळं, भाजी, कागद एवढंच असेल तर एका बाजूला १५ ते १७ अंश चालतात. रोजच्या मिश्र वापराला २०. दोर, लाकूड, खोकी यांना २५ पर्यंत जावं. यातली मेख अशी की काही जण एका बाजूचा कोन सांगतात आणि काही दोन्ही बाजू मिळून. एका बाजूला २० म्हणजे एकूण ४०. हा घोळ आधी मिटवावा, मगच दगडाला हात लावावा.

पोलादही बघावं लागतं. मिटत्या चाकूचं साधं स्टेनलेस पातं रॉकवेल या कडकपणाच्या मापावर साधारण ५५ ते ५८ भरतं. त्याला १२ अंशांची धार लावली तर दुकानातून निघताना ती वस्तऱ्यासारखी लागते आणि पहिल्याच दोराला वळते. त्या हौसेला आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

कोन हातात कसा धरायचा, याला महागडं यंत्र लागत नाही. कागदाचा काटकोनी कोपरा घ्या. एक घडी घातली की ४५ अंश, तीच घडी पुन्हा घातली की साडेबावीस. ती पाचर दगडावर ठेवून पातं तिला टेकवा आणि मनगटाला ती उंची कळू द्या. २० अंशांसाठी पाठ जराशी खाली. दुसरा हिशोब उंचीचा : २० अंशांना पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश वर राहते, १५ अंशांना एक चतुर्थांश. दोन सेंटीमीटर रुंद पात्याला म्हणजे ७ मिलिमीटर आणि ५ मिलिमीटर. धारेच्या उतारावर मार्करने रेघ ओढून दोन-तीन हात मारले की चूक लगेच दिसते. शाई नुसती वरच्या कडेची गेली तर पाठ फार खाली आहे, नुसती धारेलगतची गेली तर फार वर.

आमच्या टेबलावर नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ बर येण्यात जातो, आणि जावा. एक बाजू दगडावर घासत राहिलं की पलीकडच्या बाजूला धातूची बारीक कोर उभी राहते, ती बर. अंगठा पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने, हलकेच सरकवला की खरखर लागते. मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्येच तुटली तर तिथपर्यंत धार पोचलेलीच नाही, आणि पुढचे बारीक दगड कितीही घासले तरी उपयोग नाही. सलग बर आली की बाजू बदलायची. फारच बोथट असेल तर ४०० चा दगड (आकडा लहान तितका दगड भरड), एरवी १००० पासून सुरुवात, मग ३०००. दाब उतरवत न्यायचा, शेवटी नुसतं पात्याचं वजन. मग चामड्यावर धार मागे ठेवून ओढायची, म्हणजे उरलेली बर निघते. धार वर करून उजेडात धरा. कुठे पांढरी चकाकी दिसली तर ती जागा अजून बोथट आहे.

कोरड्या, वेगवान ग्राइंडरवर खिशातला चाकू धरू नये, हे मात्र आम्ही प्रत्येकाला बजावतो. ग्राइंडरवरच पोट भरलेल्या घरातला माणूस हे सांगतोय. पातळ धार क्षणात तापते. साधं कार्बन पोलाद २२० अंश सेल्सियसच्या आसपास पिवळसर पडतं, ३०० च्या सुमारास निळं. निळी पडलेली धार मऊ झालेली असते. मग तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. पाण्याच्या दगडावर हा धोका नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद असताना लोक व्हिडिओ कॉलवर चाकू दाखवायचे आणि आम्ही इकडून "पाठ खाली घ्या, ताई, अजून थोडी" असं सांगायचो. आवाजावरूनही कळायचं : कोन बसला की घासण्याचा सूर एकसारखा राहतो. त्यानंतर बाहेरगावी दगड पाठवायला सुरुवात झाली. प्रत्येक दगडासोबत साडेबावीस अंशांची पुठ्ठ्याची पाचर आणि मार्कर जातो.

दगडाची निगा आम्ही विक्रीच्या वेळीच समजावतो. तेल घातलेल्या दगडावर नंतर पाणी चालत नाही. वापरून मध्यभागी खळगा पडला की काचेवर पॉलिश पेपर ठेवून दगड पुन्हा सपाट करायचा, नाहीतर कोन तुमच्या हातात राहतच नाही. दातेरी पात्यासाठी सपाट दगड घेऊ नका, त्याला निमुळती सळई लागते. ती आम्ही ठेवतो.

शनिवारी दुपारी दुकानातलं लांब टेबल शिकणाऱ्यांसाठी मोकळं असतं. आपला चाकू घेऊन या, दगड आमचे. कलमाच्या हंगामाआधी दिंडोरी-निफाडकडे आम्हीच येतो. गावातले चार-पाच जण मिळून कळवलं तर बरं पडतं.