सेवर्डचं पान, नोंद तिसरी

विल्यम सेवर्डची कारकीर्द टपाल तिकिटांच्या अल्बमच्या एकाच पानावर बसवायची, असं ठरवलं होतं. न्यूयॉर्कचे गव्हर्नर, 1849 ते 1861 सिनेटर, मग लिंकन आणि जॉन्सन या दोघांचेही परराष्ट्रमंत्री. पान अजून अर्धंच भरलंय, आणि त्यातलंही एक तिकीट काल उतरवावं लागलं.

1909 चं दोन सेंटांचं लाल तिकीट, सिएटलच्या प्रदर्शनाचं. मूळ आराखड्यात बर्फावर बसलेला सील होता. तो गेला आणि 1867 साली 72 लाख डॉलरला रशियाकडून अलास्का घेणारे सेवर्डसाहेब आले. (मला सील चालला असता.) दातेरी, म्हणजे कडेला छिद्रांचे दात असलेल्या, प्रती 15 कोटींवर छापल्या, त्यामुळे वापरलेलं तिकीट आजही स्वस्तात मिळतं. बिनदातेरी मात्र कितीतरी कमी. तेच मी सुटं घेतलं आणि फसलो. दातेरी तिकिटाशेजारी ठेवून भिंगातून पाहिलं, तर याचा उजवा समास त्याच्यापेक्षाही अरुंद! दात सरळ छाटून टाकलेले. आता घेईन ती जोडीच. दोन तिकिटांच्या मधली कोरी पट्टी कात्रीने तयार करता येत नाही.

1873 ची परराष्ट्र खात्याची तिकिटं मात्र यादीतूनच काढली. 2, 5, 10 आणि 20 डॉलर, हिरव्या चौकटीत काळा सेवर्ड. देखणी आहेत, पण माझ्या खिशाला झेपणारी नाहीत. सही करून फुकट टपाल पाठवायची सवलत 1 जुलै 1873 पासून बंद झाली, म्हणून खात्यांना स्वतःची तिकिटं द्यावी लागली. सेवर्ड आदल्याच ऑक्टोबरमध्ये वारले होते. वर्षानुवर्षं सहीवर टपाल धाडलेल्या माणसाचा चेहरा, ती सोय बंद झाली म्हणून तिकिटावर!

म्हणून त्या जागी सहीचा लिफाफाच घेतला. परवा आला. वॉशिंग्टनच्या शिक्क्यात महिना आणि तारीख आहे, साल नाही. मंत्र्यांनाही ही सवलत होती, त्यामुळे लिफाफा नेमका कुठल्या काळातला, हा प्रश्न होताच. पण उजव्या कोपऱ्यातल्या सहीपुढे बारीक अक्षरात ‘यू. एस. एस.’ (युनायटेड स्टेट्स सिनेटर) लिहिलंय. म्हणजे सिनेटर असतानाचा, 1861 मध्ये मंत्री होण्याआधीचा. शाई तपकिरी पडलीय आणि ‘डब्ल्यू’चा शेवटचा फाटा पार कागदाच्या कडेपर्यंत गेलाय.

याला हिंज (चिकटवायची गोंदाची कागदी पट्टी) लावणार नाही. चारही कोपऱ्यांना पारदर्शक खोबण्या लावून बसवतोय.