तुम्ही विचारलंत म्हणून : कंपनी वाढतेय, मग माणसं का जातात?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथले लहानमोठे मालक, ज्यांच्याकडच्या पगाराचं काम मी बाहेरून बघते. "मॅडम, एक तारखेला पगार होतो, दिवाळीला बोनस देतो, ऑर्डरी तर आवरत नाहीत. मग हे लोक पेपर का टाकतात?" दुसरी आमच्याच नात्यातली मंडळी. त्यांची मुलं ऐरोली-घणसोलीच्या काचेच्या इमारतींत नोकरीला आहेत. "अगं, त्याची कंपनी नवा मजला घेतेय म्हणे, आणि हा रविवारी दुपारपासूनच तोंड पाडून बसतो. आजकालच्या मुलांना काही सोसतच नाही बघ." लग्नाच्या पंगतीत एवढं सगळं सांगत बसता येत नाही, म्हणून मी "हो ना" म्हणते आणि मठ्ठा घेते. आता लिहितेच.

माझं काम पगारपत्रकाचं. वाढदिवसाचे केक, रांगोळी स्पर्धा, शुक्रवारचे रंगीत कपडे हे सगळं एचआरकडे. माझ्याकडे हजेरी, रजा, पीएफ आणि टीडीएस. पण कुणाचं मन उडालंय हे एचआरला कळायच्या दोन-तीन महिने आधी पगाराच्या टेबलावर कळतं. जन्मात कधी पीएफचं पासबुक न उघडलेला माणूस एकदम यूएएनवरचं, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावरचं, नाव आधारशी जुळत नाही म्हणून मागे लागतो. शनिवार-रविवारला जोडून रजा घेणारा बुधवारी अर्धा दिवस मागू लागतो. "माझी पाच वर्षं नेमकी कधी पूर्ण होतात हो?" असं कुणी सहज म्हणून विचारलं, की याला ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं झाल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, पदरात पाडूनच जायचंय हे समजावं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा. त्या मुख्यतः दोनच ठिकाणी लागतात, बँकेत कर्ज काढताना आणि नव्या नोकरीत पगार ठरवताना.

मी ज्या कंपनीत सर्वात जास्त काळ काढला तिचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तिच्यासारख्या या पट्ट्यात ढिगानं सापडतील. लॅबमधली उपकरणं विकायची, बसवायची, दुरुस्त करायची असा धंदा. ठाणे-बेलापूर रोड, तळोजा, पाताळगंगा, तारापूर इथले औषधवाले आणि केमिकलवाले हे गिऱ्हाईक. मी लागले तेव्हा वागळे इस्टेटमध्ये एक गाळा होता, पोटमाळ्यावर अकाउंट्स, आणि मालक चहाच्या वेळी स्वतः खाली येऊन "काय रे, तारापूरचं मशीन उठलं का?" विचारायचे. पुढे तीस माणसांची तीनशेच्या वर झाली आणि ऑफिस महापेला गेलं.

नवं ऑफिस सगळ्यांना आवडलं, खोटं कशाला बोला. स्वच्छ टॉयलेट, बसून डबा खायला जागा, उन्हाळ्यात एसी. प्रवासाचं मात्र महिनाभरात जाणवायला लागलं. ठाण्याहून तुर्भे-वाशीकडे 2004 पासून लोकल आहे, त्यामुळे ठाण्यातल्यांचं भागलं. पण सर्व्हिसमधली निम्मी मुलं डोंबिवली-बदलापूरकडची. त्यांनी ठाण्याला उतरायचं, जिना चढून गाडी बदलायची, घणसोलीला पुन्हा शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण जागा बदलणार हे त्या मुलांना कळलं ते टेबलांची मापं घ्यायला आलेल्या इंटिरिअरवाल्याकडून. तो टेप लावताना म्हणाला, "ही टेबलं काही महापेला बसणार नाहीत." झालं, अशी घोषणा.

त्याच सर्व्हिसमध्ये एक जण होते, त्यांना सगळे दादा म्हणत. एचपीएलसी नावाचं मशीन असतं, औषधात काय किती आहे ते तपासायचं. त्याचं प्रेशर वरखाली व्हायला लागलं, की नवीन इंजिनियर सगळा पंप उघडतो. दादा फोनवर दोन प्रश्न विचारायचे आणि सांगायचे, "चेक व्हॉल्व्ह अडकलाय, काढा आणि सॉल्व्हंटमध्ये घालून साफ करा." दहा मिनिटांत गिऱ्हाईकाचं काम चालू. वीस-पंचवीस माणसं होती तोवर हे सगळ्यांना माहीत होतं. कंपनी वाढली तशी तिकीट सिस्टीम आली. तक्रार नोंदवायची, नंबर पडायचा, जवळचा इंजिनियर जायचा, काम झालं की तिकीट बंद. सिस्टीम वाईट नव्हती. तीनशे माणसांत त्याशिवाय चालतच नाही. फक्त फोनवर सोडवलेल्या कामाचं तिकीटच निघत नव्हतं. त्यामुळे दादांचा आकडा दर महिन्याला सर्वात कमी, आणि पंप उघडून दोन दिवस बसणाऱ्याचा चांगला.

एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, तीन महिन्यांच्या स्लिपा मिळतील?"

"पोर्टलवर आहेत की, दादा."

"ते पासवर्डचं नको. तुम्हीच काढून द्या."

"लोन काढताय का?"

"बदलापूरचं लोन फिटत आलं. आता कसलं लोन." प्रिंटरमधून निघालेले कागद त्यांनी तिथंच उभं राहून वाचले. मग हळूच म्हणाले, "तो नवीन मुलगा माझ्या हाताखाली शिकायला दिलाय ना, त्याचा किती आहे?" मी गप्प बसले. सांगता येत नाही आम्हाला. "नका सांगू," दादा म्हणाले. "त्यानंच सांगितलाय."

माझ्या मते सगळ्या नाराजीचं मूळ इथं असतं, आणि ते वाढणाऱ्या कंपनीतच असतं. समजा एखादा माणूस 30,000 पगारावर लागला आणि दर वर्षी त्याला 8 टक्के वाढ मिळाली. वाढ काही वाईट नाही. सहा वर्षांनी तो 47,600 च्या आसपास पोहोचतो. तेवढ्यात कंपनीला घाईनं माणसं हवी असतात, तेव्हा बाहेरून येणाऱ्याला बाजारभाव द्यावा लागतो, आणि बाजारभाव असतो 60,000. आता शिकवणारा सत्तेचाळीसवर आणि शिकणारा साठवर. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. पण ते शेजारी शेजारी बसतात, एकत्र डबा खातात. ज्याच्या जिवावर कंपनी इथवर आली तोच सर्वात स्वस्त ठरतो. मग तो भांडत नाही हो. पाट्या टाकायला लागतो. सव्वासहाची गाडी म्हणजे सव्वासहाची गाडी.

यात भर पडते ती पगाराच्या "सुसूत्रीकरणाची". कंपनी मोठी झाली की एक सल्लागार येतो आणि सगळ्यांचे पगार सीटीसीत, म्हणजे माणसामागे कंपनीचा एकूण खर्च या एकाच आकड्यात, बसवून देतो. पूर्वी कंपनीचा पीएफचा वाटा पगाराबाहेरून जायचा. आता तो आत येतो. पीएफसाठी धरायच्या पगाराच्या 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के म्हणजे महिन्याला 1,800. शिवाय ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 24,000 बेसिकवर 1,154. (हा विचित्र आकडा कुठून आला विचाराल, तर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, भागिले बारा.) पत्रावर चार हजारांची वाढ दिसते, त्यातले जवळजवळ तीन हजार या दोन ओळींत जातात, आणि घरी पेढे वाटून झाल्यावर हातात पडतात हजार. त्यातही कायम नोकरीतला माणूस सलग पाच वर्षं होण्याआधी नोकरी सोडून गेला, तर ग्रॅच्युइटीची ओळ सीटीसीत असूनही त्याला एक पैसा मिळत नाही. त्या आठवड्यात माझ्या टेबलापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग असायची. प्रत्येकाला मी तेच समजावून सांगायची आणि प्रत्येक जण "कळलं" म्हणून न पटल्यासारखा जायचा.

आता मालकांची बाजू सांगते, कारण ती कुणी सांगत नाही, स्वतः मालकही नाही. वाढणाऱ्या कंपनीकडे पैशाची चणचण जास्त असते. ऐकायला उफराटं वाटेल. ऑर्डर दुप्पट झाली, की माल दुप्पट उचलावा लागतो, त्याचे पैसे आधी जातात. गिऱ्हाईक मोठं असलं तर नव्वद दिवसांनी पैसे देतं, तेही पाठपुरावा केल्यावर. जीएसटी बिल फाडलं की भरायचा, पैसे आलेले असोत नसोत. त्यामुळे ज्या वर्षी उलाढाल सर्वात जास्त, त्याच वर्षी बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी उचलायच्या कर्जाची मर्यादा, काठोकाठ भरलेलं असतं आणि पगारवाढ तीन महिने पुढे ढकलावी लागते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. साहेब अठ्ठावीस तारखेला वसुलीसाठी स्वतः फोन करत बसलेले असायचे.

आणि त्याच महिन्यात टाउनहॉल, म्हणजे सगळ्या कंपनीची सभा. पडद्यावर उंच उंच जाणारा आलेख, टाळ्या, केक, "आपण सगळे एक कुटुंब आहोत". उधारीचा आलेख कुणी दाखवत नाही. मग समोर बसलेला माणूस साधा हिशोब करतो: धंदा दुप्पट, माझी वाढ लांबणीवर, म्हणजे कुणाच्या तरी खिशात जातंय. तो चुकलेला असतो, पण त्याला मिळालेल्या माहितीवर दुसरा निष्कर्षच निघत नाही. अर्धा हिशोब दाखवला तर उरलेला अर्धा माणसं आपल्या मनानं भरतात, आणि तो कधीच मालकाच्या बाजूनं भरत नाहीत.

बेल कर्व्हबद्दल, म्हणजे माणसांना ठरलेल्या टक्केवारीत चांगले-वाईट असं बसवण्याबद्दल, थोडक्यात, नाहीतर माझं डोकं फिरतं. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी 1980 च्या दशकात गाजवलेली पद्धत ही. वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा, आणि तळाच्यांना निरोप. मायक्रोसॉफ्टनं असली प्रतवारी 2013 साली बंद केली. आमच्याकडे ती त्यानंतर आली. पाच जणांच्या टीममध्ये पाचही चांगले असले तरी एकाला खाली बसवायचंच. मग मॅनेजर लोक पाळी लावत, यंदा तू, पुढच्या वर्षी तो. दादांना तर पाळीचीही गरज नव्हती, तिकिटांचा आकडा होताच.

मालक मला हटकून म्हणतात, "पण आम्ही एवढ्या सोयी दिल्या." अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्गच्या इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून 1959 साली याचं उत्तर मांडलंय. पगार, जागा, नियम या गोष्टी धड नसल्या तर माणूस चिडतो, पण त्या धड असल्या म्हणून तो जीव ओतून काम करतो असं नाही. त्यासाठी कामात काही साधल्याचं समाधान आणि कुणीतरी त्याची घेतलेली दखल लागते. मला हे बरंचसं पटतं, पगाराचं सोडून. आपल्याकडे पगार हीच दखल असते. घरी आई "किती वाढला?" विचारते, "साहेबांनी दखल घेतली का?" असं नाही विचारत.

सगळ्याच तक्रारी खऱ्या असतात असंही नाही. "पूर्वी असं नव्हतं" म्हणणाऱ्या जुन्यांचा एक कट्टा प्रत्येक कंपनीत असतो, आणि त्यातल्या काहींना पूर्वी कुणी जाब विचारत नव्हतं एवढंच आठवत असतं. हजेरीचं मशीन आलं तेव्हा सर्वात जास्त आरडाओरडा कुणी केला हे माझ्या रजिस्टरात आहे. शिवाय काही मुलं नुसतीच कंटाळून जातात. जाऊ द्यावं. एक्झिट इंटरव्ह्यूवर तर अजिबात विसंबू नका. तिथे सगळे "बेटर अपॉर्च्युनिटी" लिहितात, कारण एफ अँड एफचे, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे, पैसे आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडायचं असतं. दादांनीही तेच लिहिलं होतं. ते गेल्यावर गिऱ्हाईकांनी त्यांचा नवा नंबर कुठून मिळवला कोण जाणे, पण मिळवला.

म्हणून नातेवाइकांना माझं सांगणं एवढंच, मुलगा तोंड पाडून बसला तर त्याला पगार विचारू नका, त्याच्या शेजारी नवीन कोण आलंय ते विचारा. आणि मालकांना सांगते, बाहेरच्याला ऑफर लेटर देण्याआधी त्याच कामावरच्या जुन्या माणसाची स्लिप एकदा काढून समोर ठेवा. सगळी दरी एका वर्षात भरता येत नाही. निदान किती आहे ते माहीत असावं.

रबाळ्याच्या एका मालकांनी हे मनावर घेतलं. मार्चमध्ये सगळ्यांना बोलावलं, पांढऱ्या फळ्यावर कुणाकडून किती पैसे यायचेत ते लिहिलं, गिऱ्हाईकांच्या नावांसकट, आणि सांगितलं की वाढ एप्रिलला नाही, ऑक्टोबरला देतो, आधी जुन्यांना. कुरकुर झाली. दोघं तरीही गेले. एकाला दुप्पट मिळत होते, आणि दुप्पट मिळाले असते तर मीही थांबले नसते. बाकीच्यांपैकी एकानं हात वर करून विचारलं, "साहेब, मग ती नवी गाडी कशी घेतलीत?" साहेब म्हणाले, "ती माझ्या नावावर नाही, मिसेसच्या नावावर आहे." सगळे हसले, साहेबही हसले. गाडीचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो ते मला ठाऊक आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही.