शेक घेतला की प्रतिकारशक्ती जाते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मिरजेला रेडिएशन, म्हणजे कॅन्सरवर किरणांचा शेक, सुरू व्हायचं असलं की बायका, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या सासवा-जावा, मला हेच विचारतात: "लाईट घेतल्यावर अंगातली ताकदच मरते म्हणं, खरं का मॅडम?" मी सांगलीत जीवशास्त्र शिकवते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि काखेसकट रेडिएशन, दोन्ही माझं झालेलं आहे.

प्रतिकारशक्ती कायमची जात नाही. काही काळ खालावते, आणि किती खालावते ते शेक कुठे दिलाय यावर ठरतं. केमो रक्तावाटे अंगभर फिरते, किरण नेमलेल्या जागेवरच पडतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. मोठ्या माणसात हा मगज मुख्यतः कमरेच्या हाडांत, मणक्यांत, छातीच्या हाडात आणि बरगड्यांत असतो. म्हणून गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर शेक घेणारीच्या पेशी माझ्यासारखीपेक्षा जास्त उतरतात.

लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींतल्याच एका प्रकारची गोष्ट निराळी. बहुतेक पेशी किरण लागल्यावर विभागायला गेल्या की मरतात. लिंफोसाइट विभागत नसल्या तरी मरतात, तेही अगदी थोड्या मात्रेत. मशीन चालू असताना त्या भागातून रक्त वाहतच असतं, त्यामुळे रोज थोड्या थोड्या सापडतात. त्यांचा आकडा काही महिने, कधी त्याहून जास्त खाली राहतो. पण नेहमीच्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी बहुधा काही आठवड्यांत सावरतात. रिपोर्टातली एकच ओळ बघून लेकीबाळींना घरात कोंडून ठेवू नका. आणि बाहेरून दिलेल्या किरणांनी बाईच्या अंगात काही उरत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या.

आता गाठी. अंगभर साधारण 600 लसिका गाठी असतात, त्यातल्या वीस-तीस एका काखेत. लिंफोसाइटना जंतूंची ओळख पटते ती या गाठींत. शेकानंतर काखेतल्या गाठी आक्रसतात, चिवट होतात. बाकीच्या शेकडो गाठी आपलं काम करत राहतात. काखेच्या गाठींचं दुसरं काम मात्र तितकं सहज भरून निघत नाही. हातातल्या पाण्याचा निचरा त्यांच्यातूनच होतो. शेकानं भोवतालचं मांस घट्ट होतं, नव्या वाहिन्या फुटायला जागा राहत नाही आणि हात सुजतो. यात शेकापेक्षा ऑपरेशनचा वाटा मोठा असतो. 2014 साली निकाल आलेल्या अमारोस नावाच्या चाचणीत काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांपैकी 23 टक्के जणींना पाच वर्षांनी सूज होती, काखेला नुसता शेक दिलेल्यांपैकी 11 टक्के जणींना. दोन्ही झालेल्यांना धोका सगळ्यात जास्त. मी त्यातली आहे.

म्हणून माझा जीव तुटतो तो या हातासाठी. आपल्याकडे बायका वैरणीला वाडं आणायला उसात शिरतात, द्राक्षाच्या छाटणीला जातात. उसाच्या पात्याची धार मनगटावर बारीक रेघ ओढते, घामानं ती चुरचुरते, आणि बाई पदरानं पुसून पुढं कामाला लागते. निचरा अडलेल्या हातात त्या रेघेतून गेलेले जंतू झपाट्यानं पसरतात. हात लाल होतो, तापतो, हुडहुडी भरते. असं झालं तर हळद दाबून सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अँटिबायोटिक लागतं. दर वेळच्या अशा संसर्गानं सूज आणखी वाढते.

उसात जायचंच तर पूर्ण बाहीचा जाड शर्ट आणि हातमोजे घाला. सूज आधी बांगडीला कळते: रोजची बांगडी मनगटावर अडायला लागली, ब्लाऊजची बाही एकाच हाताला काचायला लागली, तर तेव्हाच फिजिओथेरपिस्टला दाखवा. सुरुवातीला पट्टी, घट्ट बाही आणि मालीश यांनी ती बरीच आटोक्यात राहते.

"त्या हातानं काही उचलू नको" हे मात्र ऐकू नका. 2009 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वजन उचलणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही, उलट ती उफाळून यायचं प्रमाण कमी झालं. मीही आधी रिकामी बादली, मग अर्धी, असं करत गेले. आता पाण्यानं भरलेली कळशी मी त्याच हातानं उचलते.